गाडीची खांदेमळणी

कुंडलिक आबांची गाडी कन्हेरीत शिरली की दिसायच्या आधी ऐकू यायची. पुढच्या डाव्या चाकातून असा काही चिरका सूर निघायचा की देवळापाशी बसलेली मंडळी बोलता बोलता थांबायची आणि कुणीतरी म्हणायचं, "आबा आलं." माणसं आपल्यासाठी बोलणं थांबवतात, हे आबांच्या ध्यानात आलं होतं. त्याचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीनं लावला होता.

पहिल्या महिन्यात आबांनी या आवाजाचा दोष रस्त्याला दिला. दुसऱ्या महिन्यात पावसाळी हवेला दिला. पुढं ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढायला लागली, तेव्हा मात्र रस्ता आणि हवा दोन्ही पुरेनात, म्हणून त्यांनी तो दोष बायकोला दिला. रंगूबाई डाव्या सीटवर बसतात, म्हणून गाडी डावीकडं जाते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

रंगूबाईंचं वजन एखाद्या शेळीपेक्षा फार जास्त नसेल. त्या म्हणाल्या, "मग मांडीवरची वांग्याची पाटी खाली ठिवू का?"

"नगं. तू जरा माझ्याकडं सरकून बस."

"ह्या वयात?" रंगूबाई म्हणाल्या, आणि सरकून बसल्या.

शेवटी एका गुरुवारी बारामतीच्या बाजारात गाडी रसवंतीच्या रिकाम्या बाकड्याला जाऊन टेकली. बाकड्यावर कुणी नव्हतं आणि बाकडंही जुनंच होतं, त्यामुळं तिथल्या तिथं हसून प्रकरण मिटलं असतं. पण समोरच्या दुकानात अविराजचा शाळेतला मित्र उभा होता, आणि त्याच्या हातात फोन होता. अविराज म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात एका कंपनीत नोकरीला. बाकड्याला टेकलेल्या गाडीचा फोटो आबा घरी पोचायच्या आधी पुण्यात पोचला म्हणायला हरकत नाही.

रविवारी अविराज आला. चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच त्यानं विषय काढला.

"आबा, गाडी इकून टाकू."

"का? काय वाकडं केलंय तिनं तुझं?"

"तिचे ब्रेक लागत न्हाईत आन् तुमी ऐकत न्हाई. दोघांतलं एक तरी दुरुस्त व्हाय पायजे. तुमचे पार्ट बाजारात मिळत न्हाईत."

अविराजनं सगळी तयारी करूनच तोंड उघडलं होतं. इंदापूरकडच्या झुंबरतात्यांना जुनी छोटी गाडी हवी होती. पोळ्याला ते लेकीकडं सांगवीला येणार होते. जाता जाता गाडी बघून पसंत पडली तर घेऊन जाणार होते.

"आन् ब्रेक नीट करून घेतले तर?" आबांनी विचारलं.

अविराजनं बराच विचार केला. आबांचा चेहरा बघवेना म्हणूनही असेल. "ठीक हाय. पोळ्याला मी येतो. तुमच्या शेजारी बसतो. मी सांगीन तितं गाडी थांबली, तर किल्ली तुमच्याकडं. न्हाई थांबली, तर तात्यांकडं. परत कुरकुर करायची न्हाई."

"ठरलं," आबा म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात रंगूबाई उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, पण सगळ्यात जास्त नुकसान होणार होतं ते त्यांचं. कारण त्या गाडीचं खरं काम भाजी बाजारात नेणं हे नव्हतंच. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. त्यातली पहिली तीस सासू, सासरे, दोन दीर, नणंदा आणि येणारे-जाणारे यांच्यात गेली. नवऱ्याशी बोलायचं म्हणजे "पाणी ठिवलंय" आणि "भाकरी झाली", एवढंच. पाच वर्षांपूर्वी गाडी आली आणि दर गुरुवारी कन्हेरी ते बारामती, बारामती ते कन्हेरी, दोघं शेजारी शेजारी बसून बोलू लागले. येताना आबा एक प्लेट गरम भजी घ्यायचे. रंगूबाई "मला नगं" म्हणायच्या आणि अर्धी खायच्या. हे सुख गाडीबरोबर इंदापूरला जाणार होतं.

दुसऱ्याच दिवशी आबांनी गाडी बिरदेवच्या गॅरेजात नेली. बिरदेव हा पस्तिशीचा, कमी बोलणारा आणि आपल्या कामाचा भारी अभिमान असलेला मेकॅनिक. त्यानं डावं चाक खोललं, आत बघितलं, आणि डॉक्टर करतात तसा चेहरा केला.

"आबा, कॅलिपर जाम झालाय."

"म्हंजे?"

बिरदेवनं हातातल्या पकडीनं एक पान्हा चिमटीत धरून दाखवला. "ही चकचकीत ताटली बगा. चाकाबरूबर फिरती. आन् हा कॅलिपर म्हंजे सांडशी. तुमी पाय दाबला की ह्यो ताटलीला चिमटतो आन् चाक थांबतं. पाय काढला की सोडून द्यायचं. ह्याचं रबर फाटलंय, आत चिखल गेलाय, पिस्टन गंजलाय. आता हा धरला की सोडीत न्हाई. म्हणून तर वराडतंय. गाडी ओढत व्हती का?"

"डावीकडं."

"बरूबर. डावाच गेलाय."

घरी गेल्यावर रंगूबाईंची माफी मागावी लागणार, हे आबांना तिथंच कळलं. बिरदेवनं डावा कॅलिपर नवा घातला, दोन्हीकडं ताटलीला चिमटणारे नवीन पॅड टाकले, ब्रेकचं तेल बदललं, नळीतली हवा काढली. उजवा कॅलिपर चांगला होता. त्याच्या दोन पिना त्यानं बाहेर काढल्या, घासून पुसून त्यांना ग्रीस लावलं आणि परत सरकवल्या.

"ह्या पिनांवर कॅलिपर मागं-पुढं सरकतो. वर्सातनं एकदा ह्यास्नी ग्रीस पायजे. तुमी पाच वर्सं हातच लावला न्हाई. आन् आबा, ग्रीस फकस्त पिनांला. ताटलीला न्हाई, पॅडला न्हाई. ध्यानात ठिवा."

"ध्यानात हाय," आबा म्हणाले. आणि खरंच होतं. पुढं जे घडलं ते विसरल्यामुळं घडलं नाही, हे आबांच्या बाजूनं सांगायला हवं.

गाडी घरी आली ती गपगुमान. देवळापाशी कुणी मान वर केली नाही, याचं आबांना जरा वाईट वाटलं. अंगणात गाडी लावून त्यांनी स्टेअरिंग पार वळवलं आणि रंगूबाईंना हाक मारली. अविराजनं पूर्वी हौसेनं गाडीला मोठमोठ्या भोकांची चाकं बसवली होती, त्या भोकांतून आरशासारखी ताटली आणि तांबडा रंग दिलेला नवा कॅलिपर झकास दिसत होता.

"ह्यो बग. गाडीचं समदं वज्झं ह्याच्यावर. मी, तू, वांग्याची पाटी, कालव्याचा उतार, समदं हा एकला पेलतो. आपल्या हौशाचा खांदा कसा व्हता? तसा ह्यो गाडीचा खांदा."

हौशाचं नाव काढल्यावर रंगूबाई चाकाजवळ उकिडव्या बसल्या. हौशा आणि लाल्या ही त्यांची शेवटची बैलजोडी. नऊ वर्षांपूर्वी दोघं थकून गेले आणि नंतर शेत ट्रॅक्टरवर गेलं.

"मग हा डावा का गेला?"

"वंगण मिळालं न्हाई. बिरदेव म्हनला, वर्सातनं एकदा वंगण पायजेच. आपण पाच वर्सं हातच लावला न्हाई."

"पाच वर्सं!" रंगूबाईंना चाकाकडं बघवेना. "पाच वर्सं वज्झं वडलं त्यानं, आन् कुणी खांद्याला बोटभर त्याल लावलं न्हाई? आन् वर मला म्हणता डावीकडं बसती म्हणून."

"चुकलं माझं," आबा घाईघाईनं म्हणाले. एरवी हा शब्द काढायला त्यांना आठवडा लागायचा.

"कुठं लावायचं असतं वंगण?"

आबांना नेमकं आठवत होतं. पिनांना, फक्त पिनांना. पण खांदा, वज्झं, कालव्याचा उतार एवढं मोठं भाषण झाल्यावर पिनेसारख्या बारक्या वस्तूचं नाव घेणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी चाकावरून ऐसपैस हात फिरवला.

"हितं. ह्या समद्याला."

भादव्यातल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. रंगूबाईंनी हे काम लग्न झाल्यापासून केलं होतं. बैल गेल्यावर गेली नऊ वर्षं त्या मातीच्या बैलांची खांदेमळणी करत. पण मातीचा बैल ओलसर असतो, जरा मायेनं चोळला की खांदाच हातात येतो. त्यामुळं त्यांचं मन भरत नसे.

या वर्षी त्या तुपाची वाटी आणि हळद घेऊन मातीच्या बैलांपाशी बसल्या, आणि त्यांची नजर दारातून अंगणात गेली. आबा ओसरीवर झोपले होते. चाक अजून वळवलेलंच होतं. तांबडा खांदा उतरत्या उन्हात चमकत होता.

रंगूबाई उठल्या. आधी डावं चाक. भोकांतून हात आत घालून त्यांनी कॅलिपरला हळद-तूप लावलं. मग ताटलीला, कारण ती फारच गुळगुळीत झाली होती आणि त्यांच्या मते झिजून झाली होती. पलीकडूनही हात घालून आतली बाजू चोळली. एकाच अंगाचा खांदा चोळणं त्यांना ठाऊक नव्हतं. मग उजवं चाक, तसंच. मागच्या चाकांत वाकून बघितलं तर तिथं नुसता लोखंडी डबा दिसला. मागच्यांना खांदाच नव्हता. वाटी रिकामी झाली म्हणून त्यांनी बरणीतलं आणखी थोडं आणलं.

मग आबांचा डोळा लागलेला आहे ना, हे एकदा बघून त्या जणू चाकाच्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

बैल अशा वेळी मान तरी हलवतो. गाडीनं काहीच केलं नाही. "नवी हाय," रंगूबाई स्वतःशी म्हणाल्या, "शिकंल हळूहळू." त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. अविराज हसला असता.

पोळ्याच्या सकाळी अविराज आणि त्याची बायको अनिता आले. अनितानं आल्या आल्या पुरण हातात घेतलं. सासूला ती आत्या म्हणायची आणि दोघींचं चांगलं जमायचं.

"आत्या, तूप कुठाय? बरणी भरून ठिवलीय म्हणला हुता फोनवर."

"मांजरानं खाल्लं."

"आन् परत झाकण लावून गेलं?"

"शाणं हाय ते," रंगूबाई म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या.

दुपार कलली. गावातल्या बैलांची मिरवणूक निघायच्या आत परीक्षा उरकून घ्यावी, असं बापलेकांचं ठरलं. आबांनी धुतलेला सदरा घातला. किल्लीचा आवाज ऐकून रंगूबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"आज नगा काढू गाडी. उद्या काढा की."

"उद्या मला कामावर जायचंय, आई."

"पर आज पोळा हाय."

"पोळा बैलांचा असतो, आई. गाडीला कसली सुट्टी?"

रंगूबाई फाटकापर्यंत मागोमाग गेल्या. गाडी निघाली. निघताना वळणावर आबांनी ब्रेकला पाय लावला तेव्हा तो जरा सैल वाटला. नवं काम आहे, बसायला वेळ लागणार, असं आबांनी मनाशी म्हटलं. पुढच्या दोन्ही चाकांतून बारीक वाफ निघत होती, पण ती कुणी बघितली नाही.

"आबा, पोळीचा वास येतोय," अविराज म्हणाला.

"सण हाय. येणारच."

अर्धा किलोमीटर गेल्यावर वस्ती संपली. दोन्ही बाजूला ऊस लागला. वास तसाच होता, उलट आता त्यात फोडणीचा खमंगपणा आला होता. अविराजनं काच खाली करून मागं बघितलं. तीन कुत्री गाडीच्या मागं धावत होती आणि भुंकत नव्हती.

"आबा, समोर बाभळ दिसती? तितं पूर्ण दाबायचा. गाडी बाभळीपाशी थांबली पायजे."

"बाभळीच्या सावलीत थांबवतो," आबा म्हणाले आणि रुबाबात पाय दाबला.

बाभळ आली. बाभळ गेली. आबांनी दुसरा पायही ब्रेकवर ठेवला. मागची चाकं बिचारी आपल्या परीनं धरत होती, पुढची दोन मात्र लोण्यावरून सुरी जावी तशी चालली होती. आणि पुढच्या वळणावरून हलगी वाजली. शिंगांना बेगड, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा, अशी सगळ्या गावाची जनावरं सामोरी येत होती.

"आबाऽ!" अविराज ओरडला.

आबांनी जे केलं ते चाळीस वर्षं उधळलेली जोडी आवरलेल्या माणसानंच करावं. ओरडले नाहीत, घाबरले नाहीत. हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डावीकडं, गावातल्याच तानूबाईंच्या रानातल्या हत्तीगवतात घातली. गवत पुरुषभर उंच होतं. त्यानं गाडीला अलगद कवेत घेतलं. मिरवणूक चार हातांवरून पुढं सरकली. पहिल्या जोडीतला खिलारी बैल मात्र थांबला, मान वळवून त्यानं चाकाच्या दिशेनं नाक केलं, आणि धन्यानं ओढलं तरी काही केल्या हलेना.

बांधावर तानूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आबा, गवत कापायचं व्हतं तर इळा आणायचा हुता."

अविराजच्या केसांत गवताचं पातं होतं. हँडब्रेकवर, पहिल्या गिअरमध्ये त्यानं स्वतः गाडी घरी आणली. आबांनी सवयीनं किल्ली काढून खिशात टाकली, आणि अविराजनं अंगणात उभं राहून दोन फोन केले. एक झुंबरतात्यांना, "या तुमी, गाडी न्या." दुसरा बिरदेवला, आणि तो काही इथं लिहिण्यासारखा नव्हता.

बिरदेव अर्ध्या तासात आला, सणाच्या पांढऱ्या कपड्यांत आणि रागानं लाल होऊन. "माजं काम फेल? बारा वर्सं गॅरेज चालवतोय, एक गाडी परत आली न्हाई." त्यानं पांढऱ्या पँटीची पर्वा न करता बैठक मारली, चाक काढलं, आत बघितलं. मग बोट फिरवलं. मग बोट नाकाला लावलं. त्याचा राग हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी मोठं आश्चर्य आलं.

"आबा," तो म्हणाला, "हे गायीचं का म्हशीचं?"

"काय?"

"तूप हाय ह्ये. वर हळद. नुसतं मीठ टाकायचं ऱ्हायलंय. कुणी लावलं?"

आबांनी वर बघितलं. उंबऱ्यात रंगूबाई उभ्या होत्या, उजवा हात पदराखाली. पदराच्या कडेला बोटांची टोकं दिसत होती, आणि नखं पिवळीधमक होती. आबांना खांदेमळणीचा दिवस आठवला. मग आपलाच हात आठवला, चाकावरून ऐसपैस फिरलेला. ह्या समद्याला.

"म्या लावलं," आबा म्हणाले.

"तुमी?" अविराज त्यांच्याकडं बघत राहिला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही, त्याचा आवाज एकदम मऊ झाला, आजारी माणसाशी बोलताना होतो तसा. "असू द्या आबा. व्हतं असं वयानं. किल्ली द्या माझ्याकडं."

आबांनी खिशात हात घातला. किल्ली लगेच सापडली, तरी ती बाहेर काढायला त्यांना वेळ लागला. या माणसानं आयुष्यात आपली स्वतःची चूक क्वचितच सुखासुखी कबूल केली होती, आणि आज तो दुसऱ्याची कबूल करत होता.

एवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. झुंबरतात्या उतरले. सत्तरीचे, फेटा बांधलेले, आयुष्याची पहिली तीस वर्षं मेंढरांमागं चाललेले आणि आता डाळिंबाची बाग राखणारे. "राम राम कुंडलिकराव. कुठाय गाडी?"

"नगा देऊ किल्ली!" रंगूबाई उंबऱ्यातून खाली उतरल्या. "त्यांनी न्हाई लावलं. म्या लावलं."

"आई?"

"व्हय, म्या. पाच वर्सं वज्झं वडलं त्यानं. मला बाजार दावला, भजी खाऊ घातली. नऊ वर्सं मातीचं खांदं चोळती मी, ते मोडून हातात येत्यात. म्हणलं एक तरी खरा खांदा ऱ्हायलाय घरात. चोळला. आवतण बी दिलं. हसायचं तर हसा."

"म्हंजे मांजर..." अनिता म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

अविराज काही बोलायच्या आत झुंबरतात्यांनी हात वर केला. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, काढलेल्या चाकापाशी वाकले, पिवळ्या ताटलीकडं नीट बघितलं आणि रंगूबाईंना विचारलं, "खांदं कधी मळलं?"

"काल. ऊन उतरल्यावर."

"दोन्ही अंगानं?"

"दोन्ही."

"आन् जेवायला घातलं?"

"कुठलं? त्या आधीच ह्यांनी भायेर काढली. म्या सांगत व्हते, आज नगा काढू."

गवताची गोष्ट झुंबरतात्यांना वाटेतच मिरवणुकीतल्या माणसांनी सांगितली होती. ते अविराजकडं वळले. "पावनं, शिकलेलं दिसता तुमी. पोळ्याच्या दिशी कुणी जुपतं व्हय? आवतण दिलेलं जनावर जेवायच्या आधी कामाला काढलं, आन् वर म्हणता थांबलं न्हाई! मी असतो तर त्या गवतात बी थांबलो नसतो."

"तात्या, गाडी हाय ती."

"मग सांगा की तुमच्या आईला. गाडी हाय म्हणून."

अविराजनं आईकडं बघितलं. पिवळी नखं आता पदराबाहेर आली होती. त्यानं केसांतलं गवताचं पातं काढून टाकलं.

"मला न्हाई पायजे ही," झुंबरतात्या म्हणाले. "खांदेमळणी झालेलं जनावर पोळ्याला दुसऱ्याच्या दावणीचं सोडून नेलं, तर माझी म्हातारी मला घरात घ्यायची न्हाई. दुसरी गाडी बघतो. पोळ्या झाल्यात का?"

"झाल्यात. पर तूप न्हाई," अनिता म्हणाली.

त्या दिवशी सगळ्यांनी दुधाबरोबर पोळ्या खाल्ल्या. एक पोळी रंगूबाईंनी कुणाला न विचारता गाडीच्या बॉनेटवर ठेवली. ती मघाच्या तीन कुत्र्यांपैकी एकानं खाल्ली, पण आवतण पुरं झालं.

अविराजनं एक दिवसाची रजा वाढवली. सकाळी बिरदेवनं तुपात भिजलेले पॅड काढून नवीन घातले, ताटल्या फवारा मारून दोनदा धुतल्या, आणि वास येत नाही ना हे आबांनाही हुंगायला लावलं. मग बापलेक परत निघाले. बाभळ आली आणि गाडी अशी थांबली की डॅशबोर्डवरचा अविराजचा फोन त्याच्या मांडीवर येऊन पडला.

"सावली पुरती का? का अजून मागं घिऊ?" आबांनी विचारलं.

अविराज हसला. किल्लीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. पुण्याला निघताना त्यानं बिरदेवला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि फोनमध्ये काहीतरी टिपून ठेवलं, एवढंच.

वर्ष गेलं. गुरुवार आले आणि भजी झाली. पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, कुणी बोलावलं नसताना, बिरदेव ग्रीसचा डबा घेऊन कन्हेरीत हजर झाला.

"अविराजदादानं वर्साचं ठरवलंय," तो म्हणाला. "दर खांदेमळणीला कॅलिपरची सर्व्हिस. तारीख पंचांगात बगून यायची, म्हनला."

रंगूबाई पाट घेऊन शेजारी बसल्या. त्यांच्या देखत बिरदेवनं पिना काढल्या, पुसल्या, ग्रीस लावलं, आणि प्रत्येक वेळी "पिनांलाच, बगा" असं मोठ्यानं म्हटलं. रंगूबाईंनी हळदीचं एक बोट फक्त बॉनेटला लावलं. चाकं बसली, नट आवळले, बिरदेव हात पुसत उठला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अविराज होता.

"झालं का?"

"झालं. चारी पिना, दोन्हीकडच्या."

"आन् आवतण?"

बिरदेवनं फोनकडं बघितलं, मग रंगूबाईंकडं. "ते बी मीच द्यायचं?"

"ज्यानं खांदं मळलं त्यानंच द्यायचं असतं," रंगूबाई म्हणाल्या.

बिरदेवनं फाटकाकडं बघून घेतलं. रस्त्यावर गिऱ्हाइकांपैकी कुणी नव्हतं. तो चाकापाशी वाकला, घसा साफ केला आणि पुटपुटला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

क्षणभर काहीच झालं नाही. मग गाडीनं एक बारीकसा हॉर्न दिला.

बिरदेव दचकून मागं सरला. रंगूबाई मात्र समाधानानं मान हलवत राहिल्या. काचेतून त्यांना स्टेअरिंगवर टेकलेली दोन ओळखीची बोटं आणि आबांची मिशी स्पष्ट दिसत होती, पण ते त्यांनी बिरदेवला सांगितलं नाही.

"म्हणलं नव्हतं?" त्या म्हणाल्या. "शिकंल हळूहळू."